काकूंच्या शेजारणीचा मुलगा

“अगं, अठरा वर्षांचं पोर! मिसरूड धड फुटलेलं नाही, आणि दोन वर्षांसाठी थेट फिलिपाईन्सला धाडलं. तेही घरचे पैसे घालून!”

काकू असं काही बोलायला लागल्या की मी हातातलं काम बाजूला ठेवते. डहाणूत आमच्या दोन घरांमध्ये मेंदीचं कुंपण आहे. कुणाच्या तरी बकरीनं ते बरोबर मधोमध खाल्लंय, तिथे आमची बैठक. बकरीचे उपकारच म्हणायचे. काकू लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत, युटा राज्यातल्या लीहाय गावी राहून आल्या. येताना सगळ्यांसाठी बदाम आणले, पण खरा माल आणला तो बातम्यांचा, आणि तो हप्त्याहप्त्यानं कुंपणावरून उतरतोय.

“तिथे कुंपणच नाही गं. ह्यांची हिरवळ संपते तिथे त्यांची सुरू. मग उभं राहायचं कुठे आणि बोलायचं कुठे? मी बाळाचे लंगोट वाळत घालायला बाहेर आले, तर लेक म्हणते, आई, इथे बाहेर कपडे वाळत घालत नाहीत. पण त्या लंगोटांमुळेच शेजारीण आली ना बोलायला.”

काकूंचं इंग्रजी म्हणजे “येस”, “नो”, “व्हेरी गुड” आणि दोन्ही हात. एवढ्या भांडवलावर त्यांनी त्या बाईची अख्खी कुंडली काढली. पाच मुलं, नवरा दातांचा डॉक्टर, धर्म मॉर्मन. “तसं आता म्हणायचं नाही म्हणे. त्यांच्या मोठ्या गुरूंनी सांगितलंय, पूर्ण नाव घ्या. पण पूर्ण नाव एवढं लांबलचक, की घेईपर्यंत दूध उतू जाईल.” ते खरं आहे. रसेल नेल्सन या त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये तसा आग्रहच धरला होता. पण आम्ही कुंपणावर मॉर्मनच म्हणतो.

तर त्या बाईंचा तिसरा मुलगा. शाळा संपली, अठरा पुरी झाली, आणि त्यानं मिशनसाठी अर्ज केला. त्यांच्यात मुलगे २४ महिने जातात, मुली १८ महिने. जगभरात असे सत्तर हजारांच्या वर लोक एका वेळी बाहेर असतात. कुठे जायचं ते मुलानं ठरवायचं नाही. अर्ज सॉल्ट लेक सिटीला जातो, तिथले ज्येष्ठ लोक प्रार्थना करून ठरवतात, आणि हुकूम येतो. आमच्या जिल्हा परिषदेच्या मास्तरांच्या बदल्यांसारखंच, फक्त इथे वशिला चालत नाही आणि कुणी स्थगितीही आणत नाही. पूर्वी तो हुकूम पोस्टानं मोठ्या पांढऱ्या पाकिटातून यायचा, आता कॉम्प्युटरवर येतो. तरी सगळं गणगोत जमवून, मुलाला मधोमध बसवूनच तो उघडतात.

“आम्हालाही बोलावलं होतं,” काकू म्हणाल्या. “मला वाटलं साखरपुडा आहे. मी साडी नेसून गेले.”

“मग?”

“मग काय? पोरानं वाचलं, फिलिपाईन्स. आई रडली, बाप हसला, धाकट्या बहिणीनं नकाशा आणला. आणि एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला चहा नाही हो! लिंबाचं सरबत आणि केक.”

चहाचा मुद्दा काकूंना फार लागला होता. या लोकांना चहा वर्ज्य, कॉफी वर्ज्य, दारू-तंबाखूचं तर नावच नको. दारू सोडलेली माणसं आपण पाहिलीत, माळकरी आपल्याकडेही आहेत. पण चहा? आपल्याकडे पाहुणा उंबऱ्यात आला की पहिला शब्द चहाचा. नको म्हटलं तर “अर्धा कप तरी”. अशा जगात चहा न पिणाऱ्यानं घरोघर जाऊन धर्म सांगायचा म्हणजे त्यानं आपला पहिलाच दरवाजा स्वतःच्या हातानं लावून घेतला.

काकूंनी त्यावर तोड काढली. लेकीच्या घरी असेच दोघे पोरगे आले होते, पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पाटी. पाटीवर आडनाव, आणि आडनावाच्या आधी “एल्डर”. म्हणजे वडीलधारा! वय एकोणीस. एक आयडाहोचा, दुसरा टोंगा बेटांवरचा, दारातून वाकून आत येणारा. लेकीनं सांगून टाकलं, आम्हाला धर्म बदलायचा नाही. ते म्हणाले, ठीक आहे, काही काम आहे का? लेकीचं नवं कपाट खोक्यात पडून होतं, जावयाला वेळ होत नव्हता. त्या दोघांनी जमिनीवर बसून ते जोडून दिलं. घाम पुसत उठले, आणि काकूंनी विचारलं, “टी?” दोघांनी माना हलवल्या. मग काकू आत गेल्या. इथून नेलेली वाळवलेली गवती चहाची पात होती, आलं होतं. चहाची पूड न घालता, पात आणि आलं उकळून, दूध-साखर घालून त्यांच्यापुढे ठेवलं. लेकीनं इंग्रजीत समजावलं, हे गवत आहे, चहा नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, फोनवर काहीतरी शोधलं. पात चालते असं ठरलं, आणि टोंगावाल्यानं तीन कप प्यायले.

“परत परत यायला लागले मग,” काकू म्हणाल्या. “लेक म्हणते, आई, तू त्यांना बाटवलंस.”

आता त्या फिलिपाईन्सवाल्याचा दिनक्रम ऐका. काकूंना तो तोंडपाठ आहे, कारण तो दर आठवड्याला घरी पत्र पाठवतो. आई ते सगळ्या ओळखीच्यांना पुढे पाठवते, लेक ते मराठीत सांगते, आणि काकू ते मला मीठमसाला लावून सांगतात. चार हातांतून आलेला माल आहे, तेवढं धरून चाला.

पहाटे साडेसहाला उठायचं. व्यायाम, न्याहारी, मग धर्मग्रंथ एकट्यानं, मग जोडीदाराबरोबर, मग भाषा. जायच्या आधी काही आठवडे प्रोव्हो गावातल्या त्यांच्या केंद्रात भाषा शिकवतात, पण तिथली भाषा आणि गावातली भाषा यांत जमीनअस्मानाचा फरक. सकाळ चढली की बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मुलीबरोबर फिरणं नाही. आणि पोहायचं नाही! समोर निळाशार समुद्र, अंगातून घामाच्या धारा, आणि पोरगा टाय लावून किनाऱ्यावरून सायकल चालवतोय. मी म्हटलं, काकू, हा नियम डहाणूला आणला तर आपली अर्धी पोरं पळून जातील. काकू म्हणाल्या, आणि उरलेली अर्धी बुडायची वाचतील. त्याला मी काय बोलणार?

सगळ्यात कठीण म्हणजे जोडीदार. एकट्यानं कुठेही जायचं नाही. दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं, आंघोळ आणि संडास सोडून. जोडीदार आपण निवडायचा नाही, वरून ठरतो, आणि काही आठवड्यांनी बदलतो. या पोराच्या पहिल्या जोडीदाराला घोरायची सवय. दुसरा भांडी घासायचा नाही. त्यानं पत्रात काही तक्रार केली नव्हती, पण आईनं ओळींच्या मधलं वाचलं. “देव मला धीर शिकवतोय, असं लिहिलंय बघ,” ती काकूंना म्हणाली, “म्हणजे सिंकमध्ये ताटं साचलेली असणार.”

आईपण कुठेही जा, सारखंच.

आणि त्या आईचंही थोडं बघा. पूर्वी या पोरांना वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. बाकी सगळं पत्रावर. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्यातून एकदा फोनची मुभा झाली, तोही त्यांच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे बहुतेक सोमवारी. त्याच दिवशी कपडे धुवायचे, बाजार करायचा, केस कापायचे. त्यामुळे पोरगा आईशी बोलतो तो कपडे पिळता पिळता. खर्चाला घरून महिन्याला पाचशे डॉलर भरावे लागतात, आपले चाळीस हजारांच्या वर. तो आधी पिझ्झाच्या दुकानात काम करून पैसे साठवत होता, उरलेले बाप घालतो. “म्हणजे नोकरी करायची, आणि पगारही आपल्याच खिशातून द्यायचा!” काकूंचा हिशोब.

पण पत्रांतला मला आवडलेला भाग वेगळाच. पोरानं लिहिलं की पहिल्या सकाळी घरमालकिणीनं भात आणि तळलेली सुकी मासळी पुढे ठेवली. सकाळी सातला! वासानं डोळ्यांत पाणी आलं. युटाला समुद्र नाही, माशाची गाठ पडते ती बर्फातल्या तुकड्याशी. आठवडा त्यानं केळ्यांवर काढला. मग एकदा दिवसभर उन्हात फिरून, अकरा घरांची दारं तोंडावर बंद करून घेऊन तो परतला, आणि भुकेपोटी ती मासळी खाल्ली. आता आईला लिहितो, घरी आल्यावर मला हे पाहिजे. आई घाबरून काकूंना विचारते, सुकी मासळी म्हणजे काय? आमच्या डहाणूच्या काकूंना! ज्यांच्या माडीवर सुकटीचा अन् बोंबलाचा वास पिढ्यान्पिढ्या मुरलाय! काकूंनी तिला दोन हातांनी, वळवळ करून, बोंबील समजावला. बाई दोन पावलं मागे सरकली म्हणे.

दुसरं पत्र आंघोळीचं. शॉवर नाही, बादली आणि डबा. पहिल्या दिवशी त्यानं बादली उचलून डोक्यावर ओतली आणि संपला विषय, साबण अंगावर तसाच. घरमालकिणीच्या सहा वर्षांच्या नातवानं त्याला शिकवलं, डबा डबा पाणी कसं घ्यायचं ते. देवाचा निरोप घेऊन गेलेल्या माणसाला पहिली दीक्षा मिळाली ती आंघोळीची, आणि गुरू सहा वर्षांचा.

मी त्यांना सांगितलं, काकू, ही माणसं आपल्याकडेही फार आधी येऊन गेलीत. १८५१ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश गृहस्थ मुंबईत उतरला, हाच मॉर्मन धर्म घेऊन. तेव्हा त्या धर्माला पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती. पुढे पुण्यात जाऊन लष्करातल्या लोकांत त्यानं छोटी मंडळी जमवली. छावणीतल्या साहेबलोकांना ते आवडलं नाही, पाद्र्यांनाही नाही. चारेक वर्षांनी तो निघून गेला, आणि मागे जवळजवळ काही उरलं नाही. आता बंगळुरूला त्यांचं देऊळ बांधायला घेतलंय, त्याची घोषणा २०१८ ची. मधली बरीच वर्षं म्हणजे पाटी कोरीच.

“पुण्यात टिकला नाही?” काकू म्हणाल्या. “दुपारी एक ते चारमध्ये दार वाजवलं असणार.”

पण डहाणूला जे आले ते टिकले. काकूंना वेगळं सांगायची गरज नव्हती, काकांचा जन्मच मिशन दवाखान्यातला. ते अमेरिकन मिशन मॉर्मनांचं नव्हे, ब्रेदरेन पंथाचं. साधे कपडे, शपथ घ्यायची नाही, हातात शस्त्र धरायचं नाही, अशी ती शेतकरी मंडळी. विल्बर स्टोव्हर, त्यांची बायको मेरी आणि बर्था रायन हे तिघे १८९४ मध्ये मुंबईला उतरले आणि वलसाडला गेले. पाठोपाठ संवत छप्पन्नचा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी अनाथ पोरं सांभाळली. मग रेल्वेच्या कडेकडेनं खाली सरकत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डहाणूत ठाणं झालं. गुजरातेत गुजराती शिकायची, डहाणूला आलं की मराठी, आणि पाड्यावर गेलं की वारली बोली, म्हणजे पहिलं पुस्तक पुन्हा बंद.

त्यांच्यातल्या डॉक्टर बार्बरा निकी बाई १९१५ च्या सुमारास भारतात आल्या आणि डहाणूच्या दवाखान्याशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. विचार करा. लग्न नाही, मूलबाळ नाही, महिना-दीड महिना बोटीचा प्रवास, पत्राचं उत्तर यायला ऋतू बदलायचा. इथे येऊन काय, तर हिवताप, अडलेल्या बाळंतिणी, साप चावलेले, आणि आधी भगताकडे जाऊन शेवटी बैलगाडीत घालून आणलेले. दोन वर्षांनी परत जायची सोयच नाही. सात-सात वर्षांनी एकदा रजा. त्या फिलिपाईन्सवाल्या पोराचं कौतुक आहेच, पण त्याच्या कॅलेंडरवर परतीची तारीख लिहिलेली आहे. या बायकांच्या कॅलेंडरवर ती नव्हती. मला विचाराल तर मिशन मिशन म्हणून दोन्हींना एकाच मापानं मोजणं बरोबर नाही.

“आमच्या सासूबाई सांगायच्या,” काकू म्हणाल्या, “दवाखान्यात सकाळी प्रार्थना व्हायची. सगळ्या बाळंतिणी हात जोडून ऐकायच्या. ती झाली की उशाखालचा महालक्ष्मीचा अंगारा कपाळाला लावायचा आणि बाईंनी दिलेली गोळी घ्यायची. कुणाचं काही अडलं नाही.”

इथे माझं स्वतःचं एक मत आहे, आणि ते काकूंना पटत नाही. आपल्या डहाणू-तलासरीत बाहेरून येऊन लोकांना सुधारणाऱ्यांची नुसती रांग लागलेली आहे. ब्रेदरेन आले. तलासरीत जेझुइट फादरांचं ज्ञानमाता सदन उभं राहिलं. बोर्डीला आचार्य भिसे आले, शाळा वाढवली. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीत आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावर नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात. त्याच वर्षी, २३ मे १९४५ ला, झरी गावात वारली हजारोंनी जमले आणि यापुढे वेठ करणार नाही म्हणून उठले. त्यांच्यात लाल बावट्याचे शामराव आणि गोदावरी परुळेकर. गोदावरीबाई पुण्याच्या, शिकून वकील झालेल्या, त्या इथे झोपड्यांत राहिल्या, मिळेल ते खाल्लं, मैलोन्‌मैल चालल्या. नंतर तलासरीत कल्याण आश्रमवाल्यांचं वसतिगृह आलं. एकाच्या हातात क्रूस, दुसऱ्याच्या हातात लाल बावटा, तिसऱ्याच्या हातात भगवा, ताराबाईंच्या हातात शंख-शिंपले. प्रत्येकाचा आपापला ग्रंथ, आणि बाकीच्यांचा ग्रंथ चुकीचा यावर सगळ्यांचं एकमत.

आणि वारली? त्यांनी कुणाकडून शाळा घेतली, कुणाकडून गोळी, कुणाकडून लग्नगड्याच्या, म्हणजे लग्नाच्या कर्जापायी राबायच्या, गुलामीतून सुटका. निवडणुकीत बावटा धरला. आणि घरात कणसरी देवी आहे तिथेच ठेवली, वाघोबाला नारळ चालूच. काही जणांनी धर्म बदलला, त्यांचा तो प्रश्न. बाकीच्यांनी आलेल्या प्रत्येकाकडून हवं तेवढं घेतलं. आपण मात्र कोण कुणाला बाटवतंय यावर पेपरात भांडतो.

“असं काही नसतं गं,” काकू म्हणाल्या. “गरीब माणसाला निवडायला मिळतंच कुठे? भूक असली की जो वाढतो त्याचं ऐकावं लागतं.”

यावर आमचं बराच वेळ वाजलं. काकू चिडल्या की पदर खोचतात. मी विषय परत शेजारणीच्या मुलावर आणला. राजकारण कुंपणावर फार ताणलं तर संध्याकाळी दळण कुणाबरोबर पाठवायचं?

तर त्याचं धर्मकार्य किती झालं? काकूंनी शेजारणीला हे मागे लेकीच्या व्हिडिओ कॉलवर सरळ विचारलं होतं, बोटं मोजून दाखवून, किती माणसं? बाईनं हसून दोन बोटं दाखवली. एक म्हातारी, आणि एक रिक्षावाला, तोही मधूनच दांडी मारतो. दोन वर्षं होत आली. पण ती म्हणे पुढे बराच वेळ बोलत राहिली, आणि लेकीनं त्याचं सार सांगितलं. मुलगा जाताना स्वतःचे मोजे उचलत नव्हता. आता कपडे हातानं धुतो, भात करतो, भाषा बोलतो, नकार ऐकून झोप उडत नाही. महिन्यातल्या पहिल्या रविवारी दोन जेवणं सोडून उपास करतो आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतो. मागे पुरात घरं वाहून गेली तेव्हा आठवडाभर टाय काढून चिखल उपसत होता, आणि त्या आठवड्याचं पत्र सगळ्यात आनंदाचं होतं.

“फेब्रुवारीत येतोय,” काकूंनी जाहीर केलं. “विमानतळावर सगळं खानदान फलक घेऊन उभं राहतं. आणि गंमत काय, आल्यावर लगेच मुली बघायला सुरुवात. त्यांच्यात मिशन करून आलेल्या मुलाला फार भाव. वर्षभरात लग्नं लागतात.”

“आपल्याकडे चिकूवाडीवाल्याला कुणी मुलगी देत नाही,” मी म्हटलं. काकूंच्या पुतण्याचं ते जुनं दुखणं. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण चिकूवाल्याला कसलंच मिळालं नाही. पोरगा बत्तिशी गाठलेला, सहा एकर वाडी, स्वभावानं गरीब, आणि पाहायला आलेली प्रत्येक मुलगी मुंबईतला फ्लॅट विचारते.

काकू जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, “त्याचा दोष नुसता वाडीचा नाही. परवा मुलगी आली होती. चांगली बोलत होती दोघं. तेवढ्यात ह्यानं खुर्चीवरून आतल्या आईला हाक मारली, पाणी आण. मुलीनं ग्लास खाली ठेवला आणि उठली.”

“अरेरे.”

“अरेरे काय? बरोबर केलं तिनं. मी जाऊबाईंना स्पष्ट सांगणार आहे. ह्याला धर्म नको, टाय नको. पण दोन वर्षं कुठेतरी घोरणाऱ्या माणसाबरोबर खोलीवर पाठवा आणि भांडी घासायला लावा. खर्च हवा तर मी देते. मग बघू कुठली मुलगी नाही म्हणते ती.”

“बत्तिशीत घेतील का त्याला कुणी?”

“तू नाशिकच्या त्या शेतकी कंपनीतल्या तुझ्या भावाला विचार ना,” काकू पदर सोडत म्हणाल्या. “त्यांच्याकडे पोरं खोलीवर राहतात, स्वतः करून खातात. आजच फोन कर. आणि घोरणारा जोडीदार मुद्दाम माग.”